ग्रेट-ग्रँडफादर म्हणजे नेमके कोण?

शाळेतून वंशवृक्षाचा प्रकल्प आला की बऱ्याच घरांत आजोबांच्या थोरल्या भावाच्या चौकटीत 'ग्रेट-ग्रँडफादर' असे लिहिले जाते. त्यामागचा विचार सरळ असतो. ग्रँडफादर म्हणजे आजोबा, ग्रेट म्हणजे मोठा, तेव्हा मोठे आजोबा ते ग्रेट-ग्रँडफादर. पण ग्रेट-ग्रँडफादर म्हणजे आजोबांचे किंवा आजीचे वडील, अर्थात पणजोबा. आजोबांचा भाऊ थोरला असो की धाकटा, तो 'ग्रेट-अंकल' किंवा 'ग्रँड-अंकल'. दोन्ही रूपे चालतात. वंशावळी मांडणाऱ्या अनेकांना दुसरे आवडते आणि मलाही तेच सोयीचे वाटते, कारण त्यात आजोबा आणि त्यांची भावंडे एकाच 'ग्रँड'खाली येतात.

'ग्रेट'चा इथे वयाशी किंवा थोरवीशी काही संबंध नाही. तो एक पिढी मोजतो, एवढेच. शब्दाचा इतिहास पाहिला की हे पटते. जुन्या इंग्रजीत आजोबांसाठी 'म्हातारा बाप' अशा अर्थाचा शब्द होता. नॉर्मन राजवटीनंतर फ्रेंचमधून 'ग्रँड' आला. फ्रेंच भाषा आजोबांना 'ग्रँड' म्हणजे मोठा आणि नातवाला 'पती' म्हणजे छोटा असे विशेषण लावते. इंग्रजीने मात्र सोळाव्या शतकाच्या अखेरीस नातवालाही 'ग्रँडसन' करून टाकले. नातू काही मोठा मुलगा नव्हे, म्हणजे 'ग्रँड'मधला मोठेपणा तेव्हाच गळून पडला होता आणि उरले होते एका पिढीचे अंतर. त्याच शतकात 'ग्रेट-ग्रँडफादर'ही रुळला. आपल्या 'पणजोबा'तल्या 'पण'चे काम तरी याहून वेगळे कुठे आहे?

लिहिताना जोडरेघ विसरू नये. ती गाळून 'ग्रेट ग्रँडफादर' लिहिले तर वाचणारा 'फार छान आजोबा' असा अर्थ घेऊ शकतो.

आकडा लावायची वेळ आली की गोंधळ वाढतो. वंशावळीच्या संकेतस्थळांवर 'थर्ड ग्रेट-ग्रँडफादर' असे दिसते आणि वाचणारा तिसऱ्या पिढीतले पणजोबा समजून मोकळा होतो. तो आकडा 'ग्रेट' किती वेळा आला ते सांगतो. तीन ग्रेट म्हणजे खापरपणजोबांचे वडील. आपल्यापासून वर मोजत गेले तर वडील पहिली पायरी, आजोबा दुसरी, पणजोबा तिसरी, खापरपणजोबा चौथी आणि हे पाचवी. 'ग्रेट'च्या संख्येत दोन मिळवले की पायरी सापडते.

इंग्रजी नात्यांवर आपल्याकडे आणखी एक आक्षेप असतो, की तिथे आईचे वडील आणि वडिलांचे वडील यांना वेगळे शब्दच नाहीत. खरे आहे, पण हिंदीत दादा-नाना असा भेद असला तरी मराठीतही दोघे आजोबाच! गरज पडली तर आपण 'आईकडचे आजोबा' म्हणतो, इंग्रज 'मॅटर्नल ग्रँडफादर' म्हणतो.

'अँसेस्टर' या शब्दाचेही तसेच. तो पुरुषांपुरता किंवा वडिलांच्या घराण्यापुरता नाही; ज्यांच्यापासून आपण जन्माला आलो ते सगळे, आईकडचे आणि वडिलांकडचे, त्यात येतात. रोजच्या इंग्रजीत तो बहुधा आजी-आजोबांच्याही पलीकडच्या पिढ्यांसाठी वापरतात. काका, चुलत आजोबा, निपुत्रिक आत्या त्यात बसत नाहीत, मग घराण्याचे नाव त्यांनीच काढलेले का असेना.

हे पूर्वज पिढीगणिक दुप्पट होतात असे धरले जाते: दोन आई-वडील, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा. मात्र तीस पिढ्या मागे गेलो तर हा हिशेब १०७ कोटींवर जातो. तेवढी माणसे तेव्हा जगातच नव्हती. उलगडा असा की एकच पूर्वज वंशवृक्षात अनेक जागी येतो. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाची मुलगी करायची रीत आहे. त्या जोडप्याचे आजी-आजोबा एका बाजूने सामाईक असतात, म्हणून त्यांच्या मुलाला पणजी-पणजोबा आठ नसतात, सहाच असतात.

कायद्यात पिढी कुठून मोजायची हे आधी पाहावे लागते. हिंदू विवाह कायदा, १९५५ मधील सपिंड नाते आईच्या बाजूने तिसऱ्या आणि वडिलांच्या बाजूने पाचव्या पिढीपर्यंत जाते, पण ती मोजणी स्वतःपासून सुरू होते. त्यामुळे वडिलांकडची पाचवी पिढी म्हणजे खापरपणजोबा. त्यांचे वडील नव्हेत. (सपिंडांचा विवाह कायदा रोखतो, पण रूढीने मान्य असलेला वगळून. मामाच्या मुलीशी लग्नाला वाट राहते ती इथून.) परदेशस्थांच्या ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाला ही रीत लावू नये. नागरिकत्व कायद्याच्या सातव्या 'अ' कलमात चाइल्ड, ग्रँडचाइल्ड आणि ग्रेट-ग्रँडचाइल्ड अशी नातीच दिली आहेत. म्हणजे भारतीय नागरिक असलेल्या, किंवा गोव्यासारख्या १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात आलेल्या प्रदेशातल्या माणसाचा पणतू या कलमाखाली अर्ज करू शकतो. खापरपणतू त्यात येत नाही, त्याने 'ग्रेट' या शब्दाच्या भरवशावर अर्ज करू नये.

मॉरिशसची गोष्ट वेगळी. तिथे एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांत कोकणातली मराठी कुटुंबेही होती आणि त्यांचे वंशज पणतूच्या कितीतरी पुढे गेले आहेत. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसमध्ये जाहीर केले की सातव्या पिढीतल्या भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांनाही ओसीआय कार्ड मिळावे यासाठी विशेष तरतूद मंजूर झाली आहे.