रूप जुनं, रबर नवं!
आजेसासूबाईंची पैठणी आपण नव्याने रंगवून घेतो का? नाही ना! मग अमेरिकेत १९६५ सालची फोर्ड मस्टँग मूळच्या रंगासह जपणाऱ्यांचा हट्टही तुम्हाला पटेल. कारखान्यातला रंग एकदाच मिळतो. म्हणून अशी गाडी मऊ कापडाने हलकेच पुसावी, कोरड्या जागी झाकून ठेवावी.

पण मैत्रिणींनो, जिवाशी खेळ नको हं! या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकना तेल पुरवणारी व्यवस्था एकच. एक नळी फुटली, की सगळे ब्रेक निकामी! दुहेरी व्यवस्था तिथे १९६८ पासून सक्तीची झाली. तेव्हा ब्रेकच्या रबरी नळ्या वेळेवर बदलाव्यात. पेट्रोलच्या नळ्याही बदलाव्यात. आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर खराब होतं. पैठणीचा फॉल नाही का आपण बदलत? तसंच हे!