मौलानांचा बिनदुधाचा चहा

रमजानच्या पहाटे सिंदी मेघेतल्या घरांत सहरीसोबत चहा उकळतो, तो दूध, साखर आणि आलं घातलेला. मौलाना अबुल कलाम आझाद यांनी मात्र दुधाच्या चहाची मनसोक्त थट्टा केली आहे.

शेजारच्या वर्ध्यात १४ जुलै १९४२ रोजी मौलानांच्या अध्यक्षतेखालील काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी भारत सोडावा, असा ठराव केला. ९ ऑगस्टला मुंबईत अटक झाली आणि मौलाना अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिस्त झाले. तिथे ते पहाटे उठून स्वतःच्या हाताने बिनदुधाचा चिनी चहा करत आणि मित्राला पत्र लिहीत. पत्र टपालात पडणार नाही, हे ठाऊक असूनही. एप्रिल १९४३ मध्ये पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. शेवटची भेटही झाली नाही. ही पत्रे १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने छापली गेली.

बिनदुधाच्या चहाची गोडी आज घ्यायची, तर तैवानचा ऊलाँग करून पाहावा. हजार मीटरहून उंच मळ्यांतला हा चहा अर्धवट आंबवलेला असतो. पाने गोळीसारखी वळलेली. विकत घेताना भुकटी टाळावी, आधी थोडाच घ्यावा. पाच ग्रॅम चहावर दीडशे मिलिलिटर कढत पाणी ओतून मिनिटभर झाकावे, उकळू नये. त्याच पानांवर चार-पाच वेळा पाणी घालता येते.

सहरीला एवढी सवड कुठली? रात्रीच्या तरावीहच्या नमाजनंतर किटली मांडावी. शेजाऱ्यांनाही तेव्हाच हाक मारता येते.