कास सांभाळायची तर आधी गडी सांभाळा

गोठा सुरू करायचा म्हटलं की प्रश्न ठरलेले असतात. एचएफ घेऊ की जर्सी? शेड केवढं बांधू? कर्ज कुठून मिळेल? धारा कोण काढणार, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. दहा गाई झाल्या की घरची माणसं पुरत नाहीत. मग गडी येतो, आणि त्या दिवसापासून तुमच्या गाईची कास त्याच्या हातात जाते.

कासदाह, म्हणजे आपली दगडी, सडाच्या तोंडातून आत गेलेल्या जंतूंमुळे होते. कास सुजली, दुधात गाठी आल्या की कुणालाही कळतं. पण त्याहून जास्त गाईंना हा आजार सुप्त असतो. कास चांगली दिसते, दूध पांढरंशुभ्र असतं, फक्त लिटर हळूहळू घटतं आणि एसएनएफ कमी लागतो. आपल्याकडे गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्याखाली गेलं की कपात.

उघड दगडीचा हिशोब करून बघा. गाय दिवसाला १२ लिटरची, दर ३४ रुपये धरा. औषधामुळे ५ दिवस दूध घालता आलं नाही तर २,०४० रुपये गेले. डॉक्टर आणि इंजेक्शनचा खर्च वेगळा. सड कायमचा आटला तर ते नुकसान पुढच्या वेतातही चालू राहतं.

आता गड्याचा हात बघा. अंगठा मुडपून दूध काढलं की सडाला आतून इजा होते, म्हणून पूर्ण मुठीने काढायला शिकवा. सगळ्या गाईंना एकच फडकं फिरवलं तर एकीचा आजार दहा जणींना वाटला जातो. कास धुतल्यावर गाय पान्हा सोडते, त्याचा जोर पाच-सात मिनिटंच टिकतो. त्यात गडी मोबाईलवर बोलत बसला तर दूध आत राहतं. आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम म्हणजे शेवटी सड आयोडीनच्या द्रावणात बुडवणं. धार काढल्यावर अर्धा-एक तास सडाचं तोंड उघडं असतं. गाय लगेच शेणात बसली की संपलं! म्हणून वैरण धार झाल्यावर टाका, गाय खात उभी राहते.

हे एकदा सांगून भागत नाही, कारण गडी बदलतो. आपल्या नाशिक भागात तर जास्तच. निफाड-दिंडोरीत द्राक्षाची काढणी सुरू झाली की रोजंदारी वाढते आणि गोठ्यातला माणूस बागेत जातो. नवा हात आला की गाय बिचकते, पान्हा चोरते. त्यामुळे जानेवारीच्या आधीच पगाराचं बोलून घ्या, आणि घरातल्या एकाला तरी धार आलीच पाहिजे. नव्या माणसासोबत पहिले आठ दिवस दोन्ही वेळेला स्वतः उभे राहा. त्याला मराठी वाचता येत नसेल तर भिंतीवर सूचना लिहून उपयोग नाही, करून दाखवा.

बक्षिसाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. बरेच जण लिटरवर बक्षीस ठेवतात. मग दुधात गाठ दिसली तरी गडी गप्प बसतो, कारण सांगितलं तर त्याचं लिटर कमी होतं. वर मालक ओरडतो ते वेगळंच. त्यापेक्षा पहिल्या दोन-चार धारा काळ्या वाटीत काढायला लावा आणि गाठ दाखवणाऱ्याला त्याच दिवशी ५० रुपये द्या. लवकर कळलेली दगडी स्वस्तात बरी होण्याची शक्यता जास्त असते.

महिन्यातून एकदा सीएमटी चाचणी गड्यासमोरच करा. चारही सडांचं दूध चार खणांत घ्यायचं, द्रावण टाकून हलवायचं. दूध शेंबडासारखं घट्ट झालं तर त्या सडात आजार आहे. डॉक्टरांना दाखवा, आणि तोपर्यंत त्या गाईची धार सगळ्यात शेवटी काढायची, दूध वेगळ्या बादलीत.