संजीवनीचा अपव्यय

द्रोणागिरीवरील संजीवनीची कथा आपल्या घरातील मुलांस पाठ असते. आपल्या युगाची संजीवनी म्हणजे प्रतिजैविके, अर्थात अँटिबायोटिक्स. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांस पेनिसिलीनचा शोध लागला. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. न्यूमोनिया आणि सूतिकाज्वर यांचा घरोघरचा धाक या औषधांनी कमी केला. तीच संजीवनी आज निष्प्रभ होऊ लागली आहे.

याचे कारण सोपे आहे. असंख्य जिवाणूंत काही मूळचेच चिवट असतात. औषधाने दुबळे मरतात, चिवट उरतात, फोफावतात आणि आपला गुण शेजारच्या जिवाणूंसही देतात. म्हणून अनावश्यक घेतलेली प्रत्येक मात्रा ही शत्रूस दिलेली तालीमच होय. अशा प्रतिरोधी जिवाणूंमुळे २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

हा अपव्यय केवळ औषधाच्या दुकानात होत नाही. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०२१-२२ मध्ये २० मोठ्या रुग्णालयांची पाहणी केली, तेव्हा दाखल रुग्णांपैकी सुमारे ७२ टक्के रुग्णांस प्रतिजैविके चालू होती. त्यांतील निम्म्याहून अधिक औषधे रोग होऊ नये म्हणून दिलेली होती; उपचारार्थ दिलेल्यांपैकी नेमका जिवाणू ओळखून दिलेली अवघी ६ टक्के. शस्त्रक्रियेपूर्वीची मात्रा उचितच. परंतु शस्त्रक्रियेनंतर केवळ खबरदारी म्हणून ती लांबवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालीच सांगितले आहे.

डॉक्टरांचीही बाजू समजून घेतली पाहिजे. रक्ताच्या कल्चर तपासणीस दोन-तीन दिवस लागतात आणि अत्यवस्थ रुग्ण तोवर थांबू शकत नाही. म्हणून अंदाजाने औषध सुरू करणे भाग असते. मात्र अहवाल आल्यावर औषध बदलणे वा थांबवणे, हे दुसरे पाऊल पुष्कळदा राहून जाते. त्यातच आम्ही नातेवाईक ‘भारी’ औषधाचा आग्रह धरतो. साधे पडसे विषाणूंमुळे होते. त्यावर प्रतिजैविक म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

आमचे कुटुंबवत्सल वाचकांस एवढेच सांगणे आहे. घरचे माणूस रुग्णालयात असता डॉक्टरांस नम्रपणे तीन प्रश्न विचारावे : हे औषध कशासाठी? कल्चर तपासणी पाठवली आहे काय? आणि औषध किती दिवस द्यावयाचे? घरी मात्र लाल उभी रेघ असलेली गोळी चिठ्ठीवाचून घेऊ नये, उरलेली गोळी शेजाऱ्यास देऊ नये आणि सांगितलेल्या मुदतीत आपल्या मनाने फेरफार करू नये.

वडिलोपार्जित ठेव आपण नातवंडांसाठी जपतो. हे औषधही तशीच ठेव आहे; फरक एवढाच की, ही ठेव साऱ्या गावाची मिळून एक आहे आणि एकाने उधळली तरी सर्वांचीच सरते.