घराचा पहिला पावसाळा

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या गवंड्याने थापी धुऊन पिशवीत टाकली आणि मला म्हणाला, "मास्तर, ऱ्हायची घाई करू नका. एक पावसाळा खाऊ द्या घराला. दिवाळीत या."

मी ३१ वर्षं महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. सिमेंट कसं घट्ट होतं हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! शिवाय आई ८२ वर्षांची. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत तिने ५० वर्षं काढली होती, आणि राजापूर तालुक्यातल्या आमच्या पडक्या जोत्यावर पुन्हा घर उभं राहावं हा ध्यास माझ्यापेक्षा तिचा होता. तिच्याकडून आणखी एक पावसाळा मागून घेण्याची माझी छाती नव्हती. वैशाखातला मुहूर्त धरून वास्तुशांत केली. आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुष गेला, दूध उतू गेलं, आणि गुरुजींनी बजावलं की शांत झाल्यावर घर बंद ठेवायचं नसतं. गवंडी म्हणतो राहू नका, गुरुजी म्हणतात राहा. मी सोयीचं ते ऐकलं.

पुढच्या पाच महिन्यांत त्या घराने मला जे शिकवलं, ते मांडण्याचा हा प्रयत्न आहे. लोणच्यासारखं घरही मुरावं लागतं असं जुनी माणसं म्हणत. घराच्या बाबतीत मुरणं म्हणजे नेमकं काय, हे मी चूक केल्यानंतर शोधू लागलो.

सुरुवात चिऱ्यापासून करतो. कोकणातला जांभा हा विचित्र दगड. सड्यावरच्या खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की पूर्वी कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासून त्याचे चिरे पाडत. उघड्यावर ठेवला की त्यातली लोहाची संयुगं पाणी सोडून घट्ट होतात आणि दगड कठीण बनतो. टिपू पडल्यानंतर १८००-०१ साली फ्रान्सिस बुकानन हा स्कॉटिश डॉक्टर म्हैसूर-मलबारचा मुलूख पाहायला निघाला. मलबारात अंगाडिपुरम इथे त्याने लोकांना हा दगड विटेसारखा कापताना पाहिलं. १८०७ साली छापलेल्या प्रवासवृत्तात त्याने त्याला 'लॅटेराइट' हे नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. आपल्याकडच्या दगडाला नाव मिळायला साहेब यावा लागला, पण त्याने नाव निदान वापरावरून दिलं, हे बरं.

हा दगड सच्छिद्र आहे. किती, ते पाहण्यासाठी मी उरलेला एक चिरा बाजारातल्या भुसाऱ्याच्या काट्यावर नेला. कोरडा २७ किलो भरला. रात्रभर हौदात बुडवून दुसऱ्या दिवशी नेला, तर जवळजवळ ३० किलो. भुसारी म्हणाला, "मास्तर, पाणी विकताय काय?" म्हणजे एक चिरा तीन लिटर पाणी पोटात घेऊन बसू शकतो. आमच्या घराला साधारण २४०० चिरे लागले. बांधताना चिरा भिजवून लावतात, नाहीतर तो मालातलं पाणी शोषून घेतो. मग भिंतीवर रोज पाण्याचा मारा. प्रत्येक चिऱ्यात एकच लिटर पाणी उरलं असं धरलं तरी वास्तुशांतीच्या दिवशी आमच्या भिंतींत २४०० लिटर पाणी उभं होतं. सत्यनारायणाला बसलेल्या पाहुण्यांना त्याचा पत्ता नव्हता, मलाही नव्हता.

दुसरा भाग गिलाव्याचा. 'सिमेंट वाळलं' असं आपण सर्रास म्हणतो. ते चूक आहे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग पावून होतं. म्हणून तर त्याला निदान आठवडाभर, उन्हाळ्यात आणि मिश्र सिमेंट असेल तर त्याहून जास्त दिवस, ओलं ठेवतात. मात्र या संयोगाला लागणारं पाणी सिमेंटच्या वजनाच्या चौथाईच्या आसपास असतं. ५० किलोच्या गोणीला १२-१३ लिटर. माल थापीने नीट पसरावा म्हणून गवंडी त्याच्या दुप्पट, कधी त्याहूनही जास्त घालतो. ते जादा पाणी पुढे वाफ होऊन निघून जावं लागतं आणि त्याला भिंतीतून वाट लागते. घट्ट होणं ही एक क्रिया आणि वाळणं ही दुसरी. पहिली आठवड्यांत उरकते, दुसरीला महिने लागतात. फळ्यावर मी नेहमी पहिलीच लिहिली होती.

चुन्याचं गणित आणखी निराळं. चुनखडी किंवा शिंपले भाजून, विझवून केलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी बनतो आणि ते होताना पाणी बाहेर टाकतो. म्हणजे चुन्याची भिंत घट्ट होते तीच मुळी घाम गाळत. हवेत हा वायू जेमतेम ०.०४ टक्के, त्यामुळे काम फार सावकाश चालतं.

याच रसायनातून बर्लिनमध्ये एक विलक्षण प्रथा निघाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते शहर झपाट्याने वाढत होतं. चाळवजा मोठमोठ्या इमारती उठत होत्या आणि चुन्याचा गिलावा ओला असताना भाडं भरणारा चांगला भाडेकरू मिळत नसे. मग मालक गरिबांना नाममात्र भाड्यात आत घेत. त्यांनी राहायचं, चूल पेटवायची, श्वास घ्यायचा. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड चार टक्क्यांच्या आसपास असतो, हवेच्या शंभरपट. घर कोरडं झालं की भाडं वाढे आणि ही कुटुंबं पुढच्या ओल्या इमारतीत जात. त्यांना 'ट्रोकनवोनर' म्हणत. राहून घर वाळवणारे, असा त्याचा अर्थ. घरं वाळत, माणसं छातीच्या दुखण्याने खंगत. हे मी आषाढात वाचलं. शेजारच्या खोलीत आई खोकत होती.

पाऊस ९ जूनला लागला. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जुलैत हवेची आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात. अशा हवेत ओली भिंत वाळणार कुठे? जूनच्या अखेरीस माजघराच्या भिंतीवर पांढरा पीठासारखा थर दिसू लागला. आईने बोट लावून जिभेवर ठेवलं आणि म्हणाली, "लोणा." भिंतीतलं पाणी बाहेर येताना विरघळलेले क्षार सोबत आणतं, पाणी उडून जातं, क्षार मागे उरतात. हा लोणा पृष्ठभागावर असेल तर केरसुणीने झाडता येतो. आमचा तिथवर पोचत नव्हता, कारण मी मे महिन्यात आतून चकचकीत, धुता येणारा ॲक्रिलिक रंग देऊन घेतला होता. रंगाचा पापुद्रा पाणी बाहेर सोडत नव्हता, क्षार त्याच्यामागे स्फटिक धरत होते आणि रंग फुगवत होते. भिंतीला तळहाताएवढे पोपडे आले. मी भिंतीला प्लॅस्टिकचा रेनकोट घातला होता, तोही आतून भिजलेल्या.

भर घातली स्वयंपाकघराने. बाकी घर कौलारू, पण पाण्याच्या टाकीसाठी स्वयंपाकघरावर स्लॅब टाकला होता. गॅस जळताना पाणी तयार होतं, हे मी दर वर्षी शिकवायचो; समीकरणच तसं आहे. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून थोडी जास्त वाफ. एका सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस, म्हणजे तो संपेपर्यंत २२ लिटर पाणी घराच्या हवेत. पावसात खिडक्या मिटलेल्या. ती वाफ थंड भिंतीवर बसे आणि सकाळी फळीवरच्या पापडांना बुरशी धरलेली असे.

आईचं म्हणणं, जुन्या घरात असं नव्हतं. म्हाताऱ्या माणसांना सगळं जुनंच चांगलं वाटतं म्हणून मी ते सोडून देत होतो. नंतर बसून विचार केला. जुन्या घराची चूल पहाटेपासून पेटलेली असायची. लाकूड जळतानाही वाफ होते, पण उष्ण धूर वर चढून कौलांच्या फटींतून बाहेर पडे आणि घरातली दमट हवा सोबत ओढून नेई. वासे-रिपांना काजळी बसे, तिने किडीला आळा बसे. कौलंही सुरुवातीला कुंभाराचे नळे. वानर-मांजरांनी हलवलेले ते नळे दर वर्षी पावसाआधी उतरवून शाकारावे लागत. बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्टने १८६५ साली मंगळूरला नेत्रावतीच्या काठी कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारी चपटी कौलं पाडायला सुरुवात केली. ती गलबतांतून किनारभर पसरली आणि शाकारणीचा त्रास कमी झाला, तरी छताखालची हवा खेळतीच राहिली. पश्चिमेच्या पडवीला झापांची झड बांधत, त्यामुळे पाऊस भिंतीपर्यंत पोचत नसे. मी पडवी काढून टाकली होती. आराखड्यात ती 'वाया जाणारी जागा' वाटली होती.

आणि जुनं घर एका वर्षात उभं राहिलेलंच नव्हतं. आजोबांनी आधी जोतं बांधलं, ते एक पावसाळा तसंच ठेवलं. पुढच्या वर्षी भिंती आणि छप्पर, त्याच्या पुढच्या वर्षी गिलावा. पैसे जमतील तसं काम, असं आम्ही समजत होतो. पैसा हे कारण होतंच. पण त्या खोळंब्यात घर मुरून जाई. गुरुजी आणि गवंडी यांच्यात तेव्हा भांडणाचं कारणच नव्हतं, वास्तुशांतीपर्यंत भिंती कोरड्या झालेल्या असत.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आईचा खोकला छातीत उतरला. डॉक्टरांनी तपासलं आणि घराची चौकशी केली. धाकटा भाऊ गाडी घेऊन आला. तो फारसं काही बोलला नाही. आईचं अंथरूण गुंडाळताना गादीची खालची बाजू त्याने फक्त उलटी करून मला दाखवली. ती काळी पडली होती. आई गाडीत बसताना म्हणाली, "गणपतीला मी येणार. तोवर काय ते कर."

काय ते करायला माझ्याकडे पाच आठवडे होते. गवंड्याला बोलावलं. 'सांगितलं होतं' असं तो म्हणाला नाही, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. पूर्ण घर भर पावसात करणं शक्य नव्हतं, म्हणून गणपतीची भिंत तेवढी धरली. भाऊ सुटी काढून आला. आम्ही दोघांनी पत्र्याने रंग खरवडला, फुगलेला गिलावा पाडला, लोणा झाडून काढला. भिंत तीन आठवडे उघडी ठेवली, समोर पंखा लावला, आणि शेवटी पातळ चुन्याचे दोन हात दिले. चुन्याचा थर वाफेला वाट देतो. स्वयंपाकघरात वर झरोका फोडून हवा ओढणारा पंखा बसवला.

सुतारही त्याच सुमारास आला होता. फणसाची दारं फुगून चौकटीत अडकत होती आणि मला रंधा मारून हवा होता. त्याने नकार दिला. लाकूड हवेतला ओलावा घेतं-सोडतं, आडवं फुगतं, उभं जवळजवळ नाही. आत्ता तासलं तर मार्चमध्ये फटीतून मांजर आत येईल. या वेळी मी ऐकलं. एक दार चार महिने दोरीने बांधून ठेवलं.

गणपतीला आई आली. माटवी पांढऱ्या भिंतीसमोर टांगली. उरलेल्या तीन भिंतींचे पोपडे चाकरमान्यांनी पाहिले आणि ज्याने त्याने उपाय सांगितले. त्यातले निम्मे उपाय आणखी एक रंग लावण्याचे होते.

ऑक्टोबरात पाऊस परतल्यावर मी एक साधी परीक्षा केली. फूटभर प्लॅस्टिकचे चौकोन चारही भिंतींना कडेने चिकटपट्टी लावून घट्ट डकवले आणि दोन दिवसांनी पाहिले. रंगाच्या भिंतींवर खरवडून मोकळ्या केलेल्या जागी आतून थेंब जमले होते. चुन्याच्या भिंतीवरचा चौकोन कोरडा होता. घर तेच, चिरे एकाच खाणीचे, गवंडी एकच. कोजागरीनंतर आम्ही उरलेल्या तिन्ही भिंती खरवडायला घेतल्या. त्यांना चुना मार्चमध्ये द्यायचा ठरलाय. पडवीही पुढच्या वर्षी घेणार आहे.

आई आता इथेच आहे. खोकला गेला, दम अजून लागतो. परवा तिने पावसाने धुपलेलं खळं करायला घेतलं. माती शेजारच्या मुलाने चोपली, शेण तिने कालवलं, आणि निम्मं सारवून झाल्यावर ओट्यावर बसून मला सांगितलं की उरलेलं उद्या. आज त्यावर कोणी पाय ठेवायचा नाही, ओलं आहे.