मेंदूतला ‘आनंद’ मापातच बरा

महाशिवरात्र, होळी जवळ आली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, “डॉक्टर, भांग म्हणजे झाडपालाच ना? तिने काय अपाय होणार?” याचे उत्तर आपल्याच मेंदूत आहे.

भांगेतील नशा आणणारे द्रव्य म्हणजे टीएचसी. इस्रायलमधील शास्त्रज्ञ राफाएल मेशुलम व येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. मेंदूच्या पेशींवर ते जेथे चिकटते त्या जागांचा शोध १९८८ मध्ये लागला. कुलूप आहे, तर शरीराची स्वतःची किल्लीही असणारच! ती १९९२ मध्ये मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूतून मिळाली. हा एक स्निग्ध पदार्थ होता. संस्कृत ‘आनंद’ शब्दावरून त्याचे नाव ठेवले आनंदामाइड.

मेंदूपेशी हे रसायन साठवून ठेवत नाहीत. गरज पडली की आपल्या आवरणातील स्निग्धांशापासून ते तयार करतात. शेजारच्या पेशीला ‘जरा दमाने’ असा निरोप पोचला की लगेच त्याचे विघटन होते. भूक, वेदना, भीती, स्मरण यांचा तोल असा सांभाळला जातो.

भांग मात्र सगळीच कुलपे एकदम उघडते आणि तासन्तास उघडी ठेवते. मग वेळेचे भान सुटते, छाती धडधडते, घबराट होते. पोटात गेलेली भांग चढायला एक-दोन तास लागतात. ‘अजून चढली नाही’ म्हणून दुसरा पेला घेणारे हमखास फसतात.

बरे, ही कुलपे बंदच केली तर? वजन कमी करण्यासाठी तसे औषधही निघाले होते, रिमोनाबंट. युरोपात २००६ मध्ये त्याला परवानगी मिळाली. पण भूक कमी होताना काहींना नैराश्याने ग्रासले, आत्महत्येचे विचार येऊ लागले. २००८ मध्ये तेथील विक्री थांबली. २००९ मध्ये भारतातही बंदी आली. थोडक्यात, अति नको आणि अजिबात नाही असेही नको.

हृदयरोगी, गर्भवती आणि घरात मानसिक आजार असलेल्यांनी भांगेपासून दूरच राहावे. पिऊन वाहन चालवू नये. लहान मुलाच्या पोटात चुकून गेली व ते पेंगू लागले, तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि काय प्यायले ते न लाजता सांगावे.

दमदार व्यायामानंतर रक्तातील आनंदामाइड वाढते, असे आढळले आहे. हा आनंद शरीर स्वतःच मोजून देते.