न पाहिलेली चित्रं

३० सप्टेंबर २००५ रोजी ‘युलंड्स-पोस्टेन’ या डॅनिश दैनिकाने मुहम्मद पैगंबरांवरची १२ व्यंगचित्रं छापली. दमास्कस आणि बैरुतमध्ये डेन्मार्कच्या कचेऱ्या पेटल्या त्या चार महिन्यांनी. मधल्या काळात काही डॅनिश इमाम एक फाइल घेऊन मध्यपूर्वेत हिंडले होते. तिच्यात त्या दैनिकाने कधीच न छापलेल्या तीन प्रतिमाही घुसल्या होत्या. त्यातली एक म्हणजे फ्रान्समधल्या डुकरासारखं ओरडण्याच्या स्पर्धेतल्या गड्याचा फोटो!

चित्र समोर ठेवून वाद झाला तो पॅरिसच्या न्यायालयात. ‘शार्ली एब्दो’ या फ्रेंच व्यंग-साप्ताहिकाने ही चित्रं पुन्हा छापली म्हणून मुस्लिम संघटनांनी खटला भरला आणि २००७मध्ये ते निर्दोष सुटलं. पोप असो, रब्बी असो की मुल्ला, शार्लीच्या आचरट रेषेतून कुणाचीच सुटका नव्हती. ती प्रत्येकाला रुचावी असंही नव्हतं.

पुढे मात्र चित्रच दिसेनासं झालं. २००९मध्ये येल विद्यापीठाच्या प्रकाशनाने डॅनिश प्रकरणावरचा अभ्यासग्रंथ काढला, तोही व्यंगचित्रं वगळून. ७ जानेवारी २०१५ला शार्लीच्या कचेरीवरच्या हल्ल्यात १२ जणांची हत्या झाली. काबू, वोलिन्स्की, शार्ब, तिन्यू, ओनोरे असे पाच व्यंगचित्रकार त्यात गेले. त्यानंतर जगभर फिरली ती काळ्या पाटीवरची ‘मी शार्ली’ ही अक्षरं. चित्रकारांना श्रद्धांजली, आणि तिच्यात एक रेघही नाही. आठवड्याभरात वाचलेल्या सहकाऱ्यांनी अंक काढला. एरवी साठेक हजार प्रती छापणाऱ्या साप्ताहिकाचा हा अंक ७० लाखांच्या वर गेला. पण ब्रिटनच्या स्काय न्यूजवर एका पाहुणीने त्याचं मुखपृष्ठ उचलून दाखवताच कॅमेरा दुसरीकडे वळला.

शार्लीचंच एक मुखपृष्ठ ‘अवधनामा’ या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीत बातमीसोबत छापून आलं. संपादक शिरीन दळवींनी माफी मागितली, तरी त्यांना अटक झाली. जामीन मिळाला, पण ती आवृत्ती बंद पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘लोकमत’ने इसिसच्या पैशावरच्या लेखासोबत डुकराच्या आकाराचा गल्ला छापला. पाश्चात्त्यांच्या घरात तो मुलांच्या बचतीचा डबा. इथे त्यावरच्या अरबी अक्षरांसकट तो नुसता डुक्कर ठरला. कचेऱ्यांवर जमाव चालून गेले. टीका इसिसवर होती, हे पाहायला उसंत कुणाला होती? वृत्तपत्राने माफी मागितली.

ऑक्टोबर २०२०मध्ये पॅरिसजवळच्या कॉन्फ्लाँमध्ये साम्युएल पाती या इतिहासाच्या शिक्षकाने अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिकवताना शार्लीची चित्रं दाखवली. ज्यांना बघायचं नसेल त्यांनी नजर वळवावी, अशी मुभाही दिली. एका विद्यार्थिनीने घरी वेगळंच सांगितलं, वडिलांनी त्याचा व्हिडिओ केला, तो पसरला. १६ ऑक्टोबरला अठरा वर्षांच्या एका तरुणाने पाती यांचा शिरच्छेद केला. तो त्या शाळेचा नव्हता, त्या गावचाही नव्हता.

आणि ती मुलगी? त्या तासाला ती वर्गातच नव्हती.